खणात उरलेला आकडा

पिंपळे गुरवात नवा भाडेकरू आला की त्याची पहिली बातमी नळावर फुटते. नंदकिशोर सेलूकरची अशी फुटली, की माणूस सभ्य आहे, मान खाली घालून चालतो, बायकोला भाजीसुद्धा निवडून देतो. पण कुणाच्याही घरून निघताना ‘येतो’ म्हणत नाही, ‘जातो’ म्हणतो. चुकून एखाद्या वेळी नव्हे, दर वेळी. सत्यनारायणाचा प्रसाद खाल्ला, हात धुतले, “बरंय, जातो.” सुमनताईंच्या नातवाच्या बारशाला आला, पाळण्याला हलकेच एक झोका दिला, झबलं ठेवलं आणि उंबऱ्यावर पाय देऊन म्हणाला, “जातो.” सुमनताईंनी त्याची पाठ वळताच उंबऱ्यावर पाणी शिंपडलं आणि दुसऱ्या दिवशी नळावर निकाल दिला, की या माणसाला आईनं काही शिकवलेलंच नाही.

दुसरी बातमी कागदाची. त्याच्या पलंगाखाली, माळ्यावर, शिवणयंत्राच्या मागे कॉम्प्युटरचा छापील कागद ठासून भरलाय. दोन्ही कडांना भोकं असलेला, घडीवर घडी पडणारा. रद्दीवाला मोठ्या आशेनं दारात उभा राहतो आणि नंदकिशोरची बायको, पद्मावहिनी, त्याला हातानंच पुढं हो म्हणतात. तंत्रशाळेत शिकवणाऱ्या माणसाला एवढा कागद लागतो कशाला, म्हणून कुणी चेष्टेनं विचारलं, की वहिनी खिडकीबाहेर बघत सांगतात, “त्यांना एकही आकडा टाकवत नाही.”

आता सुमनताईंच्या निकालाबद्दल. तो साफ चुकला. नंदकिशोरला आईनं शिकवलं होतं. जरा जास्तच शिकवलं होतं.

अंबुबाई परभणीकडच्या, सेलूच्या. त्यांच्या घरात एक शिस्त होती, वाईट आधी आणि चांगलं शेवटी. पत्र आलं की मोठ्यानं वाचायचं, पण त्यातली मयताची ओळ आधी आणि बारशाची मागून, मग लिहिणाऱ्यानं ती कशीही लिहिलेली असो. कारलं पहिल्या घासाला. मायलेकांत भांडण झालं तर दिवा मालवण्याआधी एकानं तरी बरं वाक्य बोलायचं, मग ते ‘उद्या थालीपीठ करते’ एवढंच का असेना. आणि उंबरा ओलांडताना तोंडातून निघेल तो शब्द शुभच निघाला पाहिजे. “माणसाच्या कानात शेवटचं तेवढं राहतं बाळा,” त्या म्हणत, “आधीचं सगळं पुसून जातं.” नंदकिशोर इंजिनिअर झाला, भोसरीला नोकरीला लागला, लग्न झालं, तरी ही सवय त्याच्या हाडांत होती. पगार झाला की आधी घरातली कटकट ऐकून घ्यायचा, मग पिशवीतून जिलबी काढायचा. पद्मा चेष्टा करायची, “जिलबी आहे हे दारातच सांगितलं असतं तर मी भांडलेच नसते.”

कंपनी गाड्यांचे पाटे करायची. टेम्पो, ट्रक, ट्रेलर, ज्याच्या त्याच्या मापाचे. एकावर एक पोलादी पानं रचलेली, मधे आवळलेली, चाकावरचा सगळा भार सोसणारी कमान म्हणजे पाटा. नंदकिशोर डिझाइनच्या खोलीत होता आणि राहायला मोशीला, ज्योतीराम बोराट्याच्या पुढच्या खोलीत भाड्यानं. ज्योतीरामाचं भोसरीकडचं रान कारखान्यांत गेलं आणि त्याच्या बदल्यात त्याच कंपनीत ड्रायव्हरची नोकरी मिळाली. नवा पाटा तयार झाला की तो टेम्पोला लावायचा, वाळूची पोती भरायची आणि चाकणच्या पुढं खेडापर्यंत पळवून परत आणायचा, हे त्याचं काम. मालक आणि भाडेकरू सकाळी एकाच बसनं कंपनीत जात आणि ज्योतीराम वाटभर त्याची फिरकी घेई.

“सायेब, तुमी कागदावर गाडी चालवता म्हनं.”

“चालवतो तर.”

“मंग डिझेल कोन भरतं?”

“भरावं लागत नाही. तिथं मीच पळतो.”

“तरीच वाळलायसा.”

त्याची बायको सोजरबाई अंबुबाईंना ‘आईसायेब’ म्हणायच्या आणि दारची मेथी, कोथिंबीर न मागता आत आणून ठेवायच्या. थोरली लेक कुसुम पद्माकडून क्रोशाचं शिकत होती. घर दोन, पण भिंत एकच आणि तीही कच्च्या विटांची. इकडची शिंक तिकडं ऐकू जाई.

ऐंशी साल उजाडायच्या आधीची गोष्ट. कंपनीकडं कॉम्प्युटर नव्हता, आसपास कुणाकडंच नव्हता. पुण्यातल्या एका संस्थेत होता आणि तिथं खिडकीवर कार्डांचा गठ्ठा द्यायचा, यंत्राची वेळ मिळेल तेव्हा तो आत जायचा आणि छापलेला कागद बाहेर यायचा. कंपनीची सुट्टी गुरुवारची, संस्था गुरुवारी चालू, त्यामुळं नंदकिशोरची सुट्टी त्या खिडकीशी जायची. भोकं पाडलेली कार्डं एका पत्र्याच्या डब्यात, डबा मांडीवर, बसमध्ये कुणी धक्का दिला की याचा जीव वर. कार्डांचा क्रम बिघडला की सगळंच बिघडलं. मोशीतल्या लोकांना वाटायचं, सेलूकर दर गुरुवारी दत्ताला पेढे नेतात.

पाट्यावर किती ताण येतो ते तीन गोष्टींवर ठरतं: गाडीत माल किती, वेग किती आणि रस्ता कसा. नंदकिशोरनं कॉम्प्युटरला फेऱ्यात फेरा आणि त्यात पुन्हा फेरा असं काम लावून दिलं होतं. बाहेरचा फेरा मालाचा. प्रत्येक मालासाठी आतला फेरा वेगाचा. प्रत्येक वेगासाठी अगदी आतला फेरा रस्त्यांचा. त्या सगळ्यात आतल्या फेऱ्यात कॉम्प्युटर कागदी टेम्पो कागदी रस्त्यावर नाचवायचा आणि पाटा किती दमला याचा एक आकडा काढायचा. रस्ते कोणत्या क्रमानं घ्यायचे याच्याशी कॉम्प्युटरला देणंघेणं नव्हतं. तो क्रम नंदकिशोरनं लावला आणि हाताच्या वळणानं लावला. आधी चाकणपलीकडचा खड्ड्यांचा रस्ता, मग मुरमाचा, मग जुना डांबरी आणि सगळ्यात शेवटी नवाकोरा हमरस्ता. अंबुबाईंनी कॉम्प्युटर जन्मात पाहिला नव्हता, पण ती रांग त्यांचीच होती.

निघालेला आकडा ठेवायला त्यानं यंत्रात एकच खण ठेवला होता. तिथं जागेची टंचाई भाड्याच्या खोलीहून वाईट. एका रस्त्याचा आकडा खणात आला की छापायचा. पुढच्या रस्त्याचा आला की आधीचा पुसला जायचा. पण तोवर आधीचा कागदावर उतरलेला असायचा, म्हणून बिघडत काही नव्हतं. ‘छाप’ असा हुकूम देणारं कार्ड रस्त्यांच्या फेऱ्याच्या आत होतं, एवढंच महत्त्वाचं.

कागद मात्र फार निघायचा. तो घेऊन नंदकिशोर डिझाइनच्या प्रमुखांसमोर, अर्जुनराव शितोळ्यांसमोर उभा राहिला. अर्जुनरावांनी एक टोक धरलं, दुसरं टोक टेबलावरून खाली, दारापर्यंत गेलं.

“हे काय आणलंय सेलूकर? लग्नातल्या पायघड्या?”

“सगळे आकडे आहेत साहेब. प्रत्येक रस्त्याचे.”

“हे वाचायला मी पेन्शनीत निघू का? मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवता येईल असं एक पान द्या मला. एक.”

पुढच्या गुरुवारी नंदकिशोरनं एक पान आणलं. त्यासाठी त्यानं फार काही केलं नाही. छापायचं कार्ड गठ्ठ्यातून उपसलं आणि रस्त्यांचा फेरा जिथं संपतो तिथं, फेऱ्याच्या बाहेर खोचलं. बोटभर अंतर. आता प्रत्येक वेगाला एकच आकडा छापला जाणार होता आणि तो सगळ्या रस्त्यांचा मिळून आहे असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. खणात तोवर काय उरलेलं असेल हा प्रश्न त्याला पडला नाही. कॉम्प्युटरनं खड्ड्यांचा रस्ता इमानानं तुडवला, आकडा काढला आणि पुसला. मुरमाचा पुसला, जुना डांबरी पुसला. खणात राहिला तो हमरस्ता आणि तोच तेवढा छापून आला.

पान देखणं होतं. सगळे आकडे गुणी मुलांसारखे मर्यादेत. अर्जुनराव खूश झाले. “पाटा तर पहिलवान निघाला राव. पाट्यातलं एक पान कमी केलं तरी चालेल.” एक पान कमी करून पुन्हा गुरुवार केला, तरी आकडे मर्यादेतच. मग अर्जुनरावांनी आणखी एक गोष्ट कमी केली. नवा पाटा रस्त्यावर घेण्याआधी कारखान्यातल्या यंत्रावर कित्येक दिवस दाबून-सोडून पाहायची पद्धत होती. ती त्यांनी या वेळी सोडून दिली. “कॉम्प्युटरनं सांगितल्यावर लोखंड वेगळं काय सांगणार?” ते म्हणाले. पुरा माल भरून थेट रस्त्यावर घ्यायचा ठरला. शुक्रवारी.

बुधवारी टेम्पोच्या पुढच्या चाकावर पाटा चढवताना ज्योतीरामानं पानं बोटानं मोजली.

“एक कमी दिसतंय, सायेब.”

“मुद्दाम कमी केलंय. कॉम्प्युटरनं पाहिलंय.”

“त्यानं बगितलं म्हंजी झालं. त्यो काय आमच्या मेव्हन्यासारखा पिऊन बसत न्हाई.” आणि टेम्पोला थाप मारून तो पोती मोजायला गेला.

गुरुवारी नंदकिशोर पुण्याला गेला तो दुसऱ्याच कामाला, उसाच्या ट्रेलरच्या पाट्यासाठी. गठ्ठा तोच, फक्त माल, वेग आणि रस्ते यांचे आकडे बदललेले. रस्त्यांची यादी या वेळी गिऱ्हाइकाकडून आली होती आणि गिऱ्हाईक काही अंबुबाईंच्या हाताखाली वाढलेलं नव्हतं. त्यानं हमरस्ता वर लिहिला होता, शेतातली चाकोरी खाली.

खिडकीवरच्या श्यामनं कागद सरकवला. “साहेब, तुमचा पाटा तर पार झोपला.”

नंदकिशोरनं पाहिलं आणि हसला. एकही आकडा मर्यादेत नव्हता. रिकामा ट्रेलर बैलाच्या चालीनं चालला तरी पाटा मोडत होता. “माप चुकलं असेल रे,” तो म्हणाला आणि व्हरांड्यातल्या बाकावर कार्डं घेऊन बसला. मापं बरोबर होती. माल बरोबर, वेग बरोबर. मग त्यानं रस्त्यांच्या कार्डांवर बोट ठेवलं आणि एकेक पुढं सरकवत शेवटच्या कार्डाशी आला. चाकोरी. तिथून बोट उचलून त्यानं छापायच्या कार्डावर ठेवलं. फेऱ्याच्या बाहेर.

बोट तिथंच राहिलं. चांगले रस्ते आधी घेतले, म्हणून वाईट उरला होता. म्हणजे टेम्पोच्या वेळी, वाईट आधी घेतले तेव्हा, काय उरलं असणार?

पेन्सिल काढून त्यानं हातानं हिशेब केला, एकाच मालाचा, एकाच वेगाचा, खड्ड्यांच्या रस्त्याचा. पान कमी केलेला पाटा त्या रस्त्यावर खेडापर्यंत जाऊ शकत होता, नशीब असेल तर. परत येऊ शकत नव्हता.

“श्याम, टेम्पोचा जुना गठ्ठा एकदा आत घेशील? आत्ता?”

“आता कसलं साहेब, दिवसाची कामं आत गेली. पुढच्या गुरुवारी.”

संस्थेबाहेरच्या दुकानातून त्यानं अर्जुनरावांच्या घरी फोन लावला. साहेब गावाला गेलेत, उद्या दुपारी थेट कामावर, असं कळलं. कंपनी बंद, गेटवर फोन घेणारं कुणी नाही. राहिला ज्योतीराम, आणि ज्योतीरामाच्या घरीच तर त्याला जायचं होतं. बसमध्ये डबा मांडीवर घेऊन तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता: भाऊ, उद्या गाडी काढू नका. एवढं एकच वाक्य पुरेसं होतं. पण त्याची सवय अशी, की त्याच्यामागे चांगलं काय जोडायचं ते तो शोधत बसला.

मोशीला उतरला तर दारात मांडव. छोटासाच, चार बांबू आणि वर चादर. कुसुमची सुपारी फुटत होती. चिंबळीचं स्थळ चालून आलं होतं, पाहुणे बघायला म्हणून आले आणि लगेच पक्कं करून मोकळे झाले. सोजरबाई नव्या लुगड्यात, ज्योतीराम डोक्याला फेटा बांधून, कुसुम दाराआड. अंबुबाई आपल्या खोलीच्या पायरीवर उभ्या होत्या. नंदकिशोरनं त्यांना बाजूला घेतलं आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

“आई, मी त्यांना आत्ता सांगतो.”

“काय बोलायलास? पोरीची सुपारी फुटायलीय. मांडवात मोडतोड, मरण, असलं तोंडातून काढायचं?”

“उद्या गाडी जाणार आहे.”

“उद्या किती वाजता?”

“नऊला.”

“मग आठला सांग. एकाच बसनं जाता ना? आत्ता जा, पेढा घे, चांगलं बोल.”

तो गेला. ज्योतीरामानं हाताला धरून पाहुण्यांत बसवलं. “हे आमचं सायेब. माजी गाडी आदी हे कागदावर चालवत्यात, मंग मी रस्त्यावर.”

नवऱ्या मुलाचा मामा गमत्या होता. “मंग अपघात झाला तर कुनाचा धरायचा?”

“कागदाचा,” ज्योतीराम म्हणाला आणि मांडव हसला.

“ज्योतीरामभाऊ, उद्याचं जरा...”

“उद्याचं उद्या. तोंड उगडा.” आणि ज्योतीरामानं स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडात पेढा घातला. पेढा तोंडात असताना माणसाला बोलता येत नाही. तो गिळेपर्यंत हळदकुंकवाचं ताट मधे आलं, कुणीतरी गुलाल उधळला. पायरीवरून अंबुबाई बघत होत्या.

“उद्या नऊलाच ना?” निघताना त्यानं विचारलं.

“हाय की. रोजच्यावानी.”

“बरं. येतो मी.”

“या.”

सकाळी आठच्या बऱ्याच आधी तो तयार होऊन पलीकडच्या दारात उभा राहिला. सोजरबाई अंगणात सडा घालत होत्या.

“ते तर पहाटंच गेले,” त्या म्हणाल्या. “पाव्हनं दुपारच्याला थांबल्यात न्हवं. म्हनले, लवकर जातो, लवकर उरकतो, पुरनपोळीला हजर.”

नंदकिशोर रस्त्यावर धावला. टेम्पो भोसरीहून निघाला की मोशीवरूनच चाकणला जातो, दुसरा रस्ता नाही. स्टॉपवर चहावाला ज्ञानदेव भांडी घासत होता.

“ज्योतीराम? मगाशीच गेला की. ह्यो हॉर्न वाजवत. लगीन लेकीचं हाय का त्याचं सोताचं, कळंना.”

गेला होता. म्हणजे आता परत येताना. चाकणच्या पुढून, खड्डे तुडवून, परत याच रस्त्यानं. नंदकिशोर उताराला लागला आणि इंद्रायणीच्या पुलाशी जाऊन उभा राहिला. जाणाऱ्या एका जीपला त्यानं हात केला, ती थांबली नाही. ट्रक थांबला, ड्रायव्हरला त्यानं सांगितलं, पुढं असा असा टेम्पो दिसला तर थांबव. ट्रकवाला बरं म्हणाला आणि गेला. तो भेटला की नाही, त्यानं सांगितलं की नाही, हे कुणालाच कधी कळलं नाही.

ऊन चढलं. पुलाखाली बायका धुणं आपटत होत्या. नंदकिशोरच्या पोटात काही नव्हतं आणि डोक्यात मात्र चारही रस्ते एकामागून एक येत होते आणि पुसले जात होते.

पलीकडच्या उतारावर टेम्पो दिसला. फेटा ओळखू आला. रात्रीचाच, उतरवलाच नव्हता. नंदकिशोर पुलाच्या तोंडाशी रस्त्याच्या मधोमध आला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. ज्योतीरामानं त्याला पाहिलं. त्यानं हॉर्न वाजवला, खिडकीतून हात काढून हलवला आणि ब्रेक दाबला.

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या पाट्यांवर येतो. हे नंदकिशोरला कुणी सांगायला नको होतं.

आवाज फार मोठा झाला नाही. सुकी फांदी मोडावी तसा. टेम्पोचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, कठडा गेला आणि वाळूची पोती आधी पाण्यात पडली, मागून टेम्पो. धुणं धुणाऱ्या बायका किंचाळत वर पळाल्या. ज्योतीरामाला बाहेर काढलं तेव्हा फेटा अजून डोक्यालाच होता, भिजून काळा झालेला. पाटा तुटणारच होता, आज नाही तर पुढच्या खड्ड्यात. पण तो मी हात वर केले म्हणून पुलावर तुटला का, हा प्रश्न नंदकिशोरच्या खणात तेव्हापासून बसलाय आणि त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही.

चौकशी कंपनीच्या बैठकीच्या खोलीत झाली. बाहेरून साहेब आले होते, टाइप करायला एक माणूस, शेजारी अर्जुनराव. नंदकिशोरला बोलावलं आणि त्यानं सगळं सांगितलं. काही म्हणजे काही लपवलं नाही. फेरे, खण, बोटभर सरकवलेलं कार्ड, गुरुवारचा व्हरांडा.

साहेब गोंधळले. “म्हणजे कॉम्प्युटरनं चूक केली?”

“नाही साहेब. कॉम्प्युटरनं सांगितलं तेच केलं.”

“मग चूक झाली असं लिहायचं कुणाच्या नावावर?”

“माझ्या.”

अर्जुनराव खाकरले. “सेलूकर मनाला फार लावून घेतायत. एकाच घरात राहायचे ते. साहेब, हे एवढं आतलं गणित लिहिण्यात अर्थ नाही. टिपण एका पानात बसवा.”

साहेबांना ते पटलं. उठता उठता त्यांनी विचारलं, “बरं, मयत माणसाबद्दल काही सांगायचंय?”

आणि इथं त्या माणसाचं हाड आडवं आलं. एवढं सगळं वाईट बोलून झाल्यावर शेवटी चांगलं बोलल्याशिवाय त्याला उठवेना. तो म्हणाला, “फार चांगला माणूस होता साहेब. आदल्या रात्री लेकीची सुपारी होती. उशिरापर्यंत पाहुण्यांत बसून हसत होता. इतका आनंदात मी त्याला कधी पाहिला नव्हता.”

टाइपवाल्याची बोटं तेव्हा चालू झाली.

पान एकच निघालं. त्यात फेरे नव्हते, खण नव्हता, कार्ड नव्हतं. ड्रायव्हर आदल्या रात्री घरच्या कार्यक्रमात उशिरापर्यंत जागा होता असं शेजारी राहणाऱ्या इंजिनिअरनं सांगितलं आहे; सबब डुलकी लागून वाहनावरचा ताबा सुटला असावा. पाट्याबद्दल एवढंच, की तो पडल्यावर मोडला. नंदकिशोरनं तो कागद पाहिला, दुसरा लिहून दिला, अर्जुनरावांनी तो घेतला, घडी घातली आणि खणात ठेवला. महिन्याभरानं नंदकिशोरनं राजीनामाही दिला. तोही त्याच खणात गेला.

चिंबळीचे पाहुणे तेराव्याला आले नाहीत. कुसुमबद्दल त्यांनी काही निरोपही पाठवला नाही, फक्त सुपारीला दिलेलं लुगडं एका माणसाच्या हाती परत मागवलं. पोरीचा पायगुण कसा आहे याची चर्चा चिंबळीत झाली आणि ती मोशीपर्यंत आली. कुसुम क्रोशाचा दोरा पद्माच्या पायरीवर ठेवून गेली आणि परत शिकायला आली नाही. दारची मेथी यायची बंद झाली. कच्च्या विटांची ती भिंत, जिच्यातून शिंक ऐकू यायची, तिच्यापलीकडून आता काहीच ऐकू येईना.

मग एक दिवस सोजरबाईंनीच त्याला बोलावलं. भरदुपारी. कंपनीतला कुणीतरी येऊन त्यांना कागद वाचून दाखवून गेला होता.

“बसा सायेब,” त्या म्हणाल्या. तो जमिनीवर बसला. “त्यो मानूस सांगून गेला, तुमी म्हनलासा म्हनं, आमचं मालक रातभर जागलं आन गाडीवर झोपलं.”

“मी तसं म्हणालो नाही.”

“मंग काय म्हनलासा?”

त्यानं सांगितलं. कॉम्प्युटर त्यांना कळायचा नव्हता, म्हणून कोपऱ्यातली पाटी घेतली. तिच्यावर खड्ड्यांचा रस्ता लिहिला आणि हातानं पुसला, मुरमाचा लिहिला आणि पुसला, शेवटी हमरस्ता लिहून पाटी त्यांच्यासमोर धरली. ही एवढी पाटी मी साहेबांना दाखवली, म्हणाला. मग गुरुवारची दुपार. मग पुलावर वर केलेले हात. मग मांडव.

सोजरबाईंनी तिथं थांबवलं. “म्हंजी सुपारीला आलासा तवा तुमाला म्हाईत हुतं.”

“होय.”

“पेढा खाल्लासा तवा.”

“होय.”

“आन बोलला न्हाईसा.”

“शुभकार्य होतं. आई म्हणाली...” आणि तो तिथंच थांबला. आईला या दारात ओढायची त्याची छाती झाली नाही. नंदकिशोर जमिनीकडं बघत होता आणि हाडातली सवय आतून ढोसत होती: शेवटी काही चांगलं बोल, एखादं तरी. त्यानं शोधलं. ज्योतीरामाचं हसणं, फेटा, पुरणपोळी. यातलं एकही आता चांगलं राहिलं नव्हतं.

“सांगून झालं?” सोजरबाईंनी विचारलं.

“झालं.”

“मंग उठा.”

तो उठला. दारात कुसुम उभी होती, ती बाजूला सरकली. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि वर्षानुवर्षांच्या वळणानं जिभेनं आपलं काम केलं. “येतो,” तो म्हणाला.

सोजरबाईंनी मान वर केली नाही. “येऊ नका,” त्या म्हणाल्या. “जातो म्हना.”

पलीकडच्या खोलीत पद्मा सामान बांधत होती, तिचे हात थांबले. अंबुबाई पायरीवर बसल्या होत्या. भिंत कच्चीच होती.

“जातो,” नंदकिशोर म्हणाला.